सनस्क्रीनच्या वळ्या का सुटतात

सनस्क्रीन लावताना कधी कधी मळासारख्या वळ्या सुटतात. दोष क्रीमचा असतो त्याहून जास्त वेळा चोळण्याचा असतो. खालचं मॉइश्चरायझर ओलं असतानाच वर दुसरा थर घासला, की अर्धवट सुकलेला थर गोळा होऊन निघतो. दोन्हींत सिलिकोन किंवा जेलसारखा घट्टपणा आणणारे घटक असतील तर जास्तच.

मॉइश्चरायझर वाटाण्याएवढंच घ्या आणि ५ ते १० मिनिटं थांबा. चेहरा-मानेला सनस्क्रीन तर्जनी आणि मधल्या बोटावर ओढलेल्या दोन रेघांइतकं लागतं. ते एकदम थापू नका. आधी एक रेघ घ्या, कपाळ-गाल-हनुवटीवर ठिपके देऊन सपाट बोटांनी एकाच दिशेने पसरवा, मिनिटभराने दुसरी. शेवटी तळव्यांनी नुसतं दाबा. वळ्या येतात म्हणून कमी लावणं हा उपाय नव्हे, मग डबीवरचा एसपीएफ, म्हणजे उन्हापासून संरक्षणाचा आकडा, मिळतच नाही.

डोळ्यांखाली अनामिका वापरा, तिचा जोर कमी पडतो. हाडाच्या कडेवर टिपत जा. पापणीच्या मुळाशी लावलं तर घामाबरोबर डोळ्यात उतरून चुरचुरतं.