टवक्यावर नुसता रंग नको

खडीच्या धावपट्टीवर विमानाच्या प्रोपेलरच्या पात्याला टवका गेला, पंखाला पोचा पडला. वर रंग मारून उडावं का, असं एका वैमानिकाने विचारलंय. कृपा करून तसं उडू नका! धातूच्या पात्यावर सगळा ताण त्या खाचेच्या टोकाशी एकवटतो, तिथूनच तडा सुरू होतो आणि पात्याचं टोक तुटून उडू शकतं. नखाने चाचपून बघा, धार लागली तरी न उडायला तेवढं पुरे. परवानाधारक अभियंताच ती खाच उत्पादकाच्या मर्यादेत कानशीने घासून गुळगुळीत उतार देतो, मग डाय (बारीक तड्यात शिरून तो दाखवणारा रंग) लावून तडा तपासतो. पंखाचा पोचा पुढच्या कडेवर असेल तर आतली रिबही (पंखाला आकार देणारी फासळी) बघून घ्या. आणि खडीवर विमान उभं असताना थ्रॉटल देऊ नका, म्हणजे इंजिनाचा जोर वाढवू नका; विमान सरकू लागल्यावरच हळूहळू वाढवा.