फ्रंटएंडच्या कामात प्रत्यक्ष काय शिकलात?

प्रश्न: सोलापुरातच राहून फ्रंटएंड (साइटचा लोकांना दिसणारा भाग बनवायचं काम) करायचंय, रिअ‍ॅक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीचा कोर्स चालूय. जे काम करतायत त्यांनी सांगा, कोर्समध्ये न शिकवलेलं पण रोज लागणारं काय असतं?

उत्तर: भावा, आधी एचटीएमएल सीएसएस, म्हणजे पानाचा सांगाडा आणि रूप, पक्कं कर. रिअ‍ॅक्ट २०१३ ला आलं, उद्या दुसरं काही येईल, ब्राउझर तोच राहणार. साध्या डिव्हला (नुसत्या चौकटीच्या टॅगला) क्लिक लावून बटण करतात लोक, मग कीबोर्डवर टॅब दाबत गेलं की ते सापडतच नाही, खरं बटण वापरलं की टॅब, एंटर सगळं आपोआप चालतं.

उत्तर: मी इथल्या चादरी-टॉवेलच्या दुकानांच्या साइट करते. फोटो कॅमेऱ्यातून निघतो तसाच चढवायला देतात, तो लहान करून वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये करायचा आणि फोटोच्या टॅगमध्ये विड्थ-हाइट (रुंदी-उंची) लिहायचीच, नाहीतर फोटो उघडला की खालचं सगळं सरकतं आणि गिऱ्हाइकाचं बोट भलत्याच बटणावर पडतं. क्रोमच्या नेटवर्क टॅबमध्ये स्पीड कमी करून बघ, गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत नेट कसं रडतं माहितीये ना तुला, तिथं साइट उघडली तर खरी.

आणि मराठी मजकूर! डिझाइन इंग्रजीत येतं, लाइन-हाइट (ओळीची उंची) १ ठेवलेली, ओव्हरफ्लो हिडन (चौकटीबाहेर जाईल ते लपवायचं), मग 'ऑर्डर'चा रफार आणि वरचा चंद्र कापला जातो. मला हे बघवत नाही. देवनागरीला दीडच्या आसपास ठेव.

प्रश्नकर्ता: ताई, फॉन्ट कुठला?

उत्तर: नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता, दोन्ही फुकट आहेत.