मदत हवी आहे: वकील बदलायचाय, पण जुने वकील फाईल सोडत नाहीत

नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यात आजोबांच्या कलमांच्या बागेचा वाटपाचा दावा सहा वर्षं चालू आहे. वकीलसाहेब वाडीतलेच, त्यामुळे फी कधी लिहून ठरली नाही (चूक आमचीच). आता म्हणतात, निकाल लागला की चार गुंठे माझ्या नावावर करा. नाही म्हटलं तर आजोबांचं खरेदीखत, जुने फेरफार, सगळं अडकवून बसलेत.

थोडं वाचलं. बार कौन्सिलच्या (वकिलांवर नियंत्रण ठेवणारी संस्था) नियमांत निकालावर अवलंबून फी किंवा मिळकतीत वाटा ठरवायला मनाई आहे. फीसाठी फाईल अडवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००० सालीच सांगितलंय. वकिलांविरुद्ध ग्राहक आयोगात जायची वाट सर्वोच्च न्यायालयाच्या २०२४च्या निकालानं बंद. उरली अधिवक्ता कायदा, १९६१च्या कलम ३५ खालची गैरवर्तनाची तक्रार.

महाराष्ट्र-गोवा बार कौन्सिलकडे अशी तक्रार कुणी केलीय का? वर्षभरात निकाली काढायची असते म्हणे, प्रत्यक्षात काय अनुभव? आणि नवे वकील जुन्यांच्या एनओसीशिवाय (ना-हरकत पत्राशिवाय) वकीलपत्र घ्यायला तयार नाहीत. कोर्टाकडूनच परवानगी कशी मागायची?

आई म्हणते वैर नको, गणपतीत आरतीला त्यांच्याच घरी जायचंय. म्हणून आधी नोटीस पाठवू की थेट तक्रार?