दारूची खेप नेणारा गुन्हेगार, मग एलईडीवाला कोण?

वाडीकर:
आमच्या वाडीतला २३ वर्षांचा मुलगा गोव्याच्या हद्दीलगतच्या बांद्याजवळ गोवा बनावटीच्या दारूसकट सापडला. मागच्या सीटखाली चोरकप्पा होता. गाव म्हणतं, मुळातच वाह्यात. मी म्हणतो, तो हे शिकला. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ सदरलँडने मांडलंय की गुन्हा रक्तातून येत नाही, जवळच्या माणसांकडून शिकला जातो. नुसत्या युक्त्या नाहीत, 'त्यात काय एवढं' ही समजूतसुद्धा. या पोराला गाडी ज्याने शिकवली, त्यानेच पहिली खेप दिली.

निवृत्त मुख्याध्यापक:
पटत नाही. त्याचा चुलतभाऊ त्याच घरात, त्याच पोरांत वाढला. तो आज आंब्याची कलमं बांधतो. सगळं संगतीवर ढकललं तर माणसाची जबाबदारी उरते कुठे? हिर्शी या समाजशास्त्रज्ञाने १९६९ मध्ये प्रश्नच उलटा विचारला: लोक गुन्हा का करत नाहीत? घर, शाळा, काम यांत जीव गुंतलेला असतो म्हणून. हा पोरगा नववीपासूनच शाळेतून सुटत गेला. मी वर्गात होतो, मला दिसत होतं.

वाडीकर:
सर, आता तर उरलंसुरलंही आपणच तोडतोय. जामिनावर आला, तर बंदरावर बर्फ ओढायलाही कोणी घेईना. त्याची आई सकाळची एसटी सोडून दुपारची धरते, बायका बघतात म्हणून. बेकर या समाजशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये हेच दाखवलं. एकदा शिक्का बसला की माणूस तसाच वागू लागतो.

निवृत्त मुख्याध्यापक:
शिक्का नंतर बसला. खेप आधी नेली.

रापणकराची लेक:
दोघेही त्या पोरावरच अडलात. केंद्राने २०१७ मध्ये बोटींवर एलईडी दिवे लावून होणाऱ्या मासेमारीवर बंदी घातली. तरी रात्री किनाऱ्यावर उभं राहा, क्षितिजावर शहर वसल्यासारखा उजेड दिसतो. मासळी तिकडे ओढली जाते. माझ्या बाबांची रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, सकाळी ओढायला २० माणसं लागतात आणि वाट्याला पाटीभर तारली येते. त्या बोटींचे मालक शिमग्यात पालखीपुढे मानाने उभे असतात. त्यांना कुणी गुन्हेगार म्हटलेलं मी ऐकलं नाही. सदरलँडने १९३९ मध्ये प्रतिष्ठितांच्या गुन्ह्यांवर बोट ठेवलं होतं ना? मग ते का विसरता?

निवृत्त मुख्याध्यापक:
हे मात्र खरं, आणि त्या मानात मीही नारळ दिलाय. बर्फाच्या कामाचं उद्या बंदरावर विचारतो. पण खेप नेली ती चूकच, हे त्या पोराला तोंडावर सांगणार.