मदत हवी आहे: टॉर्पेडोची फायरिंग पिन वर्गात कशी दाखवू?

नमस्कार मंडळी,

मी अकरावीला भौतिकशास्त्र शिकवतो. घर्षण शिकवताना दरवर्षी अमेरिकेच्या मार्क १४ टॉर्पेडोची हकीकत सांगतो. यंदा एका मुलीच्या प्रश्नावर अडलोय.

२४ जुलै १९४३. प्रशांत महासागरातल्या ट्रुक बेटांच्या पश्चिमेला ‘टिनोसा’ पाणबुडीसमोर ‘तोनान मारू क्र. ३’ हे १९ हजार टनांचं जपानी जहाज होतं. तिरके लागलेले दोन टॉर्पेडो फुटले आणि जहाज जागीच थांबलं. मग कप्तान डॅस्पिट यांनी पाणबुडी जहाजाच्या बाजूला नेली आणि अगदी काटकोनात एकेक टॉर्पेडो सोडायला सुरुवात केली. नेम बसत होता, टॉर्पेडो आदळत होते, पण फुटत नव्हते. एकूण पंधरा सोडले. उरलेला एक त्यांनी तपासणीसाठी पर्ल हार्बरला परत नेला. त्या खलाशांनी जीव धोक्यात घालून साधलेला नेम असा वाया जावा, हे सांगताना मला दरवेळी वाईट वाटतं.

तिथे ऑगस्टमध्ये स्फोटकं न भरलेली टॉर्पेडोची टोकं ९० फुटांवरून पोलादी प्लेटवर टाकून पाहिली. सरळ आदळली तेव्हा १० पैकी ७ वेळा फायरिंग पिनने (स्प्रिंगच्या जोरावर आपटून स्फोट घडवणाऱ्या खिळीने) दगा दिला, तिरकी आदळली तेव्हा त्याहून कमी वेळा. ही पिन टॉर्पेडोच्या धावण्याच्या दिशेला आडवी सरकते. सरळ धडकेत वेग एकदम तुटतो, पिन गाईडवर (ती ज्यावरून सरकते त्या मार्गावर) दाबली जाते आणि घर्षणामुळे स्प्रिंगचा जोर पुरत नाही. उपाय केला तो हलकी पिन बसवण्याचा.

मुलीचा प्रश्न असा: “सर, हलकी पिन उलट हळू नाही का आपटणार?”

फळ्यावर उत्तर दिलं. स्प्रिंगची ऊर्जा तेवढीच राहते, पण पिनचं वस्तुमान कमी झालं की गाईडवरचा दाब कमी, म्हणून घर्षणात जाणारी ऊर्जाही कमी. तिने मान डोलावली, पण पटलेलं दिसलं नाही. प्रयोग दाखवायलाच हवा.

लाकडात खाच पाडली, बॉलपेनची स्प्रिंग बसवली. एकदा लोखंडी खिळा घेतला, एकदा त्याच जाडीचा विणकामाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या सुईचा तुकडा. बाजूने दाब द्यायला रबरबँड लावला. फरक काहीच दिसला नाही, आणि दिसणार तरी कसा? रबरबँड दोघांनाही सारखाच दाबतो. दाब वस्तुमानानुसार बदलायला हवा, म्हणजे खरी धडक किंवा फिरती चकती हवी.

सायकलच्या चाकावर खाच अक्षाला समांतर बसवली तर जमेल का? चाक फिरत असताना स्प्रिंग कशी सोडायची? कुणी असं काही करून पाहिलं असेल तर कृपया सविस्तर सांगा. पुढच्या सोमवारी त्याच वर्गावर तास आहे.