बी.ए. झालंय, आता जिओलॉजी शिकायचंय. नागपुरात सुरुवात कुठून करू?

महालची_पोट्टी
नमस्कार मंडळी. माझं बी.ए. झालंय, इतिहास अन् मराठी वाङ्मय. १२वी पण आर्ट्सच. वय २७. बोअरवेल अन् भूजल सर्वेक्षणाचं काम करणाऱ्या एका छोट्या ऑफिसात रिपोर्ट टाइप करते. म्हणजे साइटवरून सर लोक कच्चं लिहून आणतात अन् मी ते कॉम्प्युटरवर उतरवते, इतक्या मीटरपर्यंत काळी माती, मग मुरूम, मग वेदर्ड बेसाल्ट, म्हणजे झिजलेला लाव्ह्याचा काळा दगड, मग रेड बोल, मग परत कडक बेसाल्ट. खूप दिवस नुसतं टाइपच करत होते, मग सरांना विचारलं की हे मधेच लाल काय येऊन राहिलं, तर म्हणाले एक लाव्हा थंड झाला, त्याचा वरचा भाग झिजून माती झाली, मग त्यावर दुसरा लाव्हा येऊन बसला. बस, तेव्हापासून डोक्यातून जातच नाही. बी.एस्सी. जिओलॉजी करायचंय. एका कॉलेजच्या खिडकीवर विचारलं तर मॅडमनी मार्कशीट बघितली अन् म्हणे तुझं तर ग्रॅज्युएशन झालंय, मग आता काय पाहिजे. घरी आई म्हणते लग्नाचं बघू आधी. कोणी असं केलंय का? रस्ता काय आहे?

कामठीरोड
ताई, मी कोळशाच्या लाइनमधे आहे, जिओलॉजीच झालंय माझं. सरळ सांगतो, राग मानू नको. बी.एस्सी.ला १२वी सायन्स लागते, बी.ए.ची डिग्री तिथे उपयोगाची नाही. मागे डिसेंबर २०२४ला यूजीसीचा मसुदा आला होता की १२वीला कुठलेही विषय असले तरी एंट्रन्स देऊन दुसऱ्या शाखेत जाता येईल, पण आपल्या विद्यापीठाच्या या वर्षीच्या माहितीपत्रकात ते छापलेलं दिसल्याशिवाय त्याच्या भरवशावर राहू नको. म्हणजे धरून चाल, सायन्सचे विषय १ वर्ष, बी.एस्सी. ३, एम.एस्सी. २, झाले ६. तू ३३ ची होशील. जीएसआयमधे, म्हणजे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात, जिओलॉजिस्ट व्हायला यूपीएससीची जिओ-सायंटिस्ट परीक्षा असते, तिला ओपनची वयोमर्यादा ३२. त्यांचं सेमिनरी हिल्सचं ऑफिस डोळ्यासमोर ठेवून निघत असशील तर हे गणित आधी कर.

रात्रपाळी_बाई
कामठीरोड भाऊ, पोरीनं नोकरीचं विचारलंच कुठे? अन् वयात ओबीसीला ३, एससी-एसटीला ५ वर्षांची सूट आहे ते पण सांगायचं ना. राज्य सरकारच्या पदांना तर ओपनला साधारण ३८ पर्यंत चालते, भूजलवाली जी राज्याची यंत्रणा आहे तिच्यात पण जिओलॉजिस्ट लागतातच.

महालवाली, मी नर्सिंगसाठी एनआयओएसमधून, म्हणजे घरी अभ्यास करून परीक्षा देता येते त्या केंद्राच्या मुक्त शाळा बोर्डातून, सायन्सचे विषय केले, नोकरी सांभाळून, म्हणून त्याचं सांगते. आधी १२वी पास असलेल्यांसाठी पार्ट ॲडमिशन असते, एक ते चार विषय घेता येतात. पण लक्षात ठेव, त्याची मार्कशीट मिळते, १२वीचं नवीन सर्टिफिकेट नाही. तुझी जुनी आर्ट्सची १२वी अन् ही विषयांची मार्कशीट मिळून कॉलेज पात्र धरते का हे फॉर्म भरायच्या आधी विचारून घे, नंतर नाही. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे अन् ऑक्टोबर-नोव्हेंबर. थिअरीचा काही प्रॉब्लेम नाही, पुस्तकं साइटवर फुकट आहेत. झोप उडते ती प्रॅक्टिकलनी. फिजिक्स-केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल वेगळं पास व्हावं लागते अन् कितीतरी जण घरी बसून फक्त पुस्तक वाचतात अन् परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा ब्युरेट हातात घेतात. स्टडी सेंटर निवडताना घरापासून किती लांब ते बघू नको, लॅब खरंच उघडतात का ते बघ, जाऊन, डोळ्यांनी.

जुनापाणी
इतका मोठा फेरा कशाला? तुझं इतिहासाचं बी.ए. आहे ना, आपल्याच विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभाग आहे, तिथे एम.ए. कर. टाकळघाट-खापा, पवनी, अशी उत्खननं या विभागानं केलेली आहेत. काटोल रोडला जुनापाणीची शिलावर्तुळं आहेत, लोहयुगातल्या दफनाच्या जागा, एकदा जाऊन ये. माती, थर, दगड सगळं तिथेही आहेच, जिओ-आर्किऑलॉजी म्हणून वेगळं कामच असते. दोन वर्षांत मोकळी.

महालची_पोट्टी
जुनापाणीला जाऊन आले आहे, मस्त जागा आहे. पण दादा, खरं सांगू का, तिथे सगळे जण ती वर्तुळं कोणी मांडली ते बोलत होते अन् मी तो धोंडा कुठून आला असेल ते बघत होते. मला माणसाच्या आधीचं पाहिजे. एम.ए. करून दोन वर्षांनी मी परत इथेच येऊन हाच प्रश्न टाकणार, मला माहीत आहे 😅

अन् कामठीरोड दादा, राग नाही आला. नोकरी आहेच माझ्याकडे, डिग्री झाली तर याच ऑफिसात टाइप करण्याऐवजी साइटवर जाता येईल, सरांनी तसं म्हटलं पण आहे. जीएसआय नाही झालं तर नाही.

कामठीरोड
हे आधी सांगायचं ना मग. ऑफिस मागे आहे तर गोष्टच वेगळी. अन् जिओलॉजीसाठी नागपूरसारखं गाव नाही बाप्पा, पोट्टे पुण्या-मुंबईहून फील्डवर्कला येतात. काटोल रोडकडे गेली की डेक्कन ट्रॅप, म्हणजे लाव्ह्याचे थरावर थर, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. कामठीकडे गोंडवानाचा, म्हणजे आपला कोळसा ज्यात सापडतो त्या खडकांच्या गटातला, सँडस्टोन, त्या फॉर्मेशनचं नावच कामठी. मनसर-रामटेककडे सौसर नावाच्या गटाचे खडक अन् मँगनीज, ते तर कितीतरी जुनं. एसटीच्या तिकिटात सगळं बघून होते. टाकळीकडे अन् बर्डीच्या टेकडीत दोन लाव्ह्यांच्या मधे तळ्याच्या गाळाचे थर सापडले, त्यात गोगलगायींचे अन् झाडांचे जीवाश्म. हे गोळा करणारा स्टीफन हिस्लॉप, ज्याच्या नावानं कॉलेज आहे तो, पेशानं मिशनरी होता, जिओलॉजिस्ट नव्हता.

पण एक, पहिल्या वर्षी दगड कमी अन् क्रिस्टलोग्राफी, म्हणजे स्फटिकांच्या आकारांचा अभ्यास, जास्त राहते. लाकडी मॉडेल हातात घेऊन सिमेट्रीचे ॲक्सिस मोजत बसतात. अर्धे तिथेच कंटाळतात.

निवृत्त_मास्तर
मी ११वी-१२वीला केमिस्ट्री शिकवायचो. बेटा, ॲडमिशनची वाट न बघता आजपासून सुरू कर. बालभारतीची पुस्तकं त्यांच्या साइटवर पीडीएफमधे आहेत. थेट १२वीचं उघडू नको, आधी ९वी अन् १०वीचं विज्ञान, मराठी माध्यमाचं, मग तेच इंग्रजी माध्यमाचं समोरासमोर ठेवून वाच. आर्ट्सची मुलं केमिस्ट्रीनं अडत नाहीत, इंग्रजी शब्दांनी अडतात, संयुजा म्हटलं की कळते अन् व्हॅलन्सी म्हटलं की घाबरतात. त्यानंतर ११वीतलं मोलचं प्रकरण. ते नीट झालं तर बाकी केमिस्ट्री अंगावर येत नाही. अन् केमिकल बॉन्डिंग मनापासून कर, कारण पुढे तुझं अर्धं मिनरलॉजी, म्हणजे खनिजांचा अभ्यास, सिलिकेटवरच, म्हणजे सिलिकॉन-ऑक्सिजनच्या खनिजांवरच, जाणार आहे.

महालची_पोट्टी
सर खूप खूप धन्यवाद, आज रात्रीच डाउनलोड करते. एकच विचारायचं राहिलं, फिजिक्स-केमिस्ट्रीसोबत बायो घेऊ का गणित? बायो पाठांतरानं जमेल असं वाटते. गणिताची भीती वाटते.

निवृत्त_मास्तर
१०वीला गणितात किती होते?

महालची_पोट्टी
५८

निवृत्त_मास्तर
पुरे झाले. गणित घे. भूजलाच्या कामात पाणी किती वेगानं झिरपते, किती उपसलं की पातळी किती उतरते, सगळे हिशेबच आहेत. तरी ज्या कॉलेजात जिओलॉजी आहे तिथले विषयांचे ग्रुप आधी बघ, बायोवाल्यांना पण घेत असतील तर तुला दोन्ही दारं उघडी.

रात्रपाळी_बाई
अन् पात्रतेचं विचारायला परत त्या खिडकीवर नको जाऊ. प्राचार्यांच्या नावानं साधा अर्ज लिही, दोन्ही मार्कशीटचं काय होईल ते त्यात विचार, आवक विभागात देऊन झेरॉक्सवर शिक्का अन् तारीख घे. लेखी उत्तर आलं की मगच एनआयओएसचे पैसे भर.