गर्भाशयाच्या गाठी आणि बाळाचा विचार: तुम्ही काय ठरवलं, कसं ठरवलं?

आंबेमोहर

वय ३३, लग्नाला चार वर्षं, दीड वर्षापासून बाळासाठी प्रयत्न चालू. मागच्या महिन्यात सोनोग्राफीत ६.१ सेंटिमीटरची गाठ निघाली. गर्भाशयाच्या भिंतीत, म्हणजे रिपोर्टच्या भाषेत 'इंट्राम्युरल फायब्रॉइड'. पाळीचा त्रास म्हणावा तर फारसा नाही. पहिल्या डॉक्टर म्हणाल्या, आधी गाठ काढा, मग बाळाचं बघू. दुसऱ्या म्हणाल्या, आतल्या पोकळीला धक्का नसेल तर हात कशाला लावता, आणखी सहा महिने बघा. दोघी अनुभवी, दोघींनी नीट वेळ दिला, त्यामुळे एकीला चूक ठरवून मोकळं व्हायचीही सोय नाही.

सल्ला डॉक्टर देतीलच. मला तुमचं काय झालं ते हवंय: गाठ कुठे होती, काय ठरवलं, नंतर काय वाटलं. ज्यांना मूल झालं नाही त्यांनीही लिहा, नव्हे, जरूर लिहा. फक्त पेढे वाटलेल्यांचं वाचून माझं काही भलं व्हायचं नाही.

पुरणपोळी (ठाणे)

माझी गाठ अवघी २.२ सेंटिमीटर. जाऊबाईंची आठ सेंटिमीटरची, ती सांभाळून त्यांना दोन मुलं झालेली. त्यामुळे घरात माझ्या गाठीला कोणी गाठ म्हणायलाच तयार नव्हतं. पण त्यांची बाहेरच्या बाजूला, पोटाकडे वाढलेली. माझी पिशवीच्या आत, जिथे गर्भ रुजायचा तिथेच ठाण मांडून बसलेली.

पाळीचे पहिले तीन दिवस मी काळी सलवार घालायचे आणि बॅगेत दुसरी ठेवायचे. लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तरी दादरपर्यंत उभी, सीटला डाग पडेल म्हणून. हिमोग्लोबिन ६.८ निघालं. 'दगदग फार होते' म्हणत मी त्यावर दोन वर्षं काढली होती! डॉक्टरांनी आधी सलाईनमधून आयर्न दिलं, हिमोग्लोबिन दहाच्या वर गेल्यावरच ऑपरेशनची तारीख दिली. खालून दुर्बीण घालून गाठ काढली, पोटावर एकही टाका नाही. सकाळी गेले, संध्याकाळी घरी. दीड महिन्यानं पुन्हा दुर्बीण घालून आत कुठे चिकटलं नाही ना ते पाहिलं. सात महिन्यांनी दिवस राहिले.

मूल हवं असेल तर पोकळीतली गाठ काढावी, यावर मला भेटलेल्या तिन्ही डॉक्टरांचं एकमत होतं. या सगळ्या प्रकरणात तेवढं एकच एकमत मी पाहिलं.

तांबडापांढरा (कोल्हापूर)

आम्ही काहीच केलं नाही. सात सेंटिमीटरची गाठ बाहेरच्या अंगाला होती, डॉक्टर म्हणाले राहू दे. तिसऱ्या महिन्याला दिवस गेले.

पण 'राहू दे' म्हणजे अगदी फुकटात सुटलो असं नाही. पाचव्या महिन्यात एका रात्री उजव्या कुशीत असं दुखायला लागलं की मला वाटलं संपलं सगळं. गाठीला रक्त कमी पडलं की ती आतून मरायला लागते, त्याला रेड डिजनरेशन म्हणतात. चार दिवस दवाखान्यात, सलाईन आणि दुखण्याच्या गोळ्या, बस. बाळ पोटात असताना गाठीला सहसा हात लावत नाहीत. बाळ अगदी ठणठणीत होतं, रडत मीच होते.

नववा लागल्यावर सासूबाई डॉक्टरांना म्हणाल्या, "सिझरच करा आणि त्यातच गाठ काढून टाका, एका खर्चात दोन कामं." डॉक्टर म्हणाले, "आई, बाळंतपणातली पिशवी म्हणजे चालू नळ असतोय. नळ चालू असताना पाइप कापायचा नसतोय." साधी प्रसूती झाली. मुलगा आता पहिलीत आहे, गाठ आहे तिथंच आहे, थोडी आटलीय.

संत्राबर्फी (नागपूर)

माझं सविस्तर लिहिते, कारण तेव्हा मला असं लिहिलेलं कुठंच वाचायला मिळालं नाही.

अकरा गाठी. पोट पाचव्या महिन्याचं दिसायचं. एका लग्नात एका बाईनं माझी ओटी भरताना "पहिलटकरीण का?" विचारलं होतं. दुर्बिणीतून होईल का, हा माझा पहिला प्रश्न. डॉक्टरीणबाई स्पष्ट म्हणाल्या, "इतक्या आणि इतक्या खोल गाठी असताना पोट उघडून प्रत्येक गाठ बोटांनी चाचपून काढणं आणि भिंत थराथरानं शिवणं मला जास्त भरवशाचं वाटतं. तुम्हाला उद्या याच पिशवीत बाळ वाढवायचंय." शिवाय दुर्बिणीतून मोठी गाठ बाहेर काढायची तर तिचे तुकडे करावे लागतात. क्वचित एखादी गाठ कर्करोगाची निघाली तर ते तुकडे पोटात पसरतात, म्हणून अमेरिकेच्या एफडीएनं २०१४ मध्ये तुकडे करणाऱ्या यंत्राबद्दल इशारा दिला होता. आता गाठ थैलीत धरून तुकडे करतात, हेही त्यांनीच सांगितलं. म्हणजे दुर्बिणीला नावं ठेवायची नव्हती, माझ्या पोटात ती बसत नव्हती इतकंच.

संमतीपत्रावर एक ओळ होती: 'गरज पडल्यास गर्भाशय काढण्यास संमती'. मी पेन खाली ठेवला. विचारलं, "मॅडम, गाठी काढताना ही ओळ तुम्ही किती वेळा वापरली?" त्या म्हणाल्या, "एकदा. रक्त थांबेना." मग खुर्ची ओढून बसल्या आणि त्या एका बाईची गोष्ट पूर्ण सांगितली. मग मी सही केली. विचारलं नसतं तर सही केलीच असती, पण रात्रभर झोपले नसते.

ऑपरेशन झाल्यावर नर्सनं ह्यांना बोलावून स्टीलचा ट्रे दाखवला. त्यांनी मोबाइलवर फोटो काढला, अजून आहे माझ्याकडे. एक मोसंबीएवढी, दोन लिंबं, बाकी बोरं. पांढऱ्या, टणक, मोठी कापली होती तिथं आत दोऱ्याच्या गुंडीसारखे वेटोळे. इतकी वर्षं माझं रक्त प्यायल्या त्या ह्याच! मला त्यांचा राग येईल असं वाटलं होतं, पण खरं सांगायचं तर थोडी किळस आणि बरंच कुतूहल.

पुढचं: दोन बाटल्या रक्त, तीन आठवडे कंबर वाकवायची नाही, सहा महिने दिवस जाऊ द्यायचे नाहीत. पहिल्यांदा दिवस राहिले ते आठव्या आठवड्यात गेले. दुसऱ्यांदा टिकले. गाठी काढताना आतली पोकळी उघडली होती, त्यामुळे कळा सुरू होईपर्यंत थांबायचं नव्हतं. जुन्या टाक्यांवर पिशवी फाटण्याचा धोका थोडा का होईना असतो. ३७व्या आठवड्यात ठरवून सिझर. मुलगी चार वर्षांची आहे. मागच्या सोनोग्राफीत दोन नवीन गाठी दिसल्या, वाटाण्याएवढ्या. त्यांचं अजून कोणाला सांगितलेलं नाही, पहिल्यांदा इथेच लिहितेय.

आंबेमोहर

संत्राबर्फी, पेन खाली ठेवणं माझ्या वहीत लिहून घेतलंय.

बाहेरचाबाक

पुरुष लिहिलेला चालेल ना? आमच्याकडे वर्षभर 'गाठ, गाठ' चाललं. पत्नीची पाच सेंटिमीटरची, भिंतीतली. तीन सोनोग्राफी, ल्युप्रोलाइडची तीन इंजेक्शनं. त्यानं गाठ आकसली, पण तिला ऐन तिशीत घामाच्या उकळ्या फुटायच्या, रात्री पंखा पाचवर आणि मी गोधडीत. आणि ती इंजेक्शनं चालू असताना पाळीच बंद, म्हणजे ते तीन महिने बाळासाठी बाद. थांबवल्यावर गाठ पुन्हा होती तेवढी. ती ऑपरेशनच्या आधी द्यायची असतात, ऑपरेशनऐवजी नाही, हे आम्हाला नंतर समजलं.

ऑपरेशनची तारीख ठरली तेव्हा दुसऱ्या मतासाठी एका वयस्क डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी फाइल उलटसुलट केली आणि मला विचारलं, "तुमचा रिपोर्ट कुठाय?" माझा रिपोर्ट? माझी वीर्यतपासणी कोणी सांगितलीच नव्हती आणि मीही कधी विषय काढला नव्हता, हे कबूल. शुक्राणूंची संख्या फारच कमी निघाली. तिची गाठ पोकळीपासून लांब होती. शेवटी गाठीला हात न लावता इक्सी केलं (एकेक शुक्राणू सुईनं थेट बीजात सोडतात), दुसऱ्या खेपेला यश आलं. एका बाईचं पोट आम्ही विनाकारण कापायला निघालो होतो.

रेडिंगकरीण

इथे ब्रिटनमध्ये मला गोळ्या सुचवल्या होत्या, युलिप्रिस्टल. रक्तस्राव खरंच थांबला. दर महिन्याला यकृताची रक्ततपासणी मात्र सक्तीची. मार्च २०२० मध्ये यकृताच्या इजेच्या भीतीनं त्या गोळ्या थांबवल्या आणि त्याच महिन्यात कोविडमुळे ऑपरेशनंही. आठ महिने नुसती बसून होते.

मग पर्याय आला एम्बोलायझेशनचा: मांडीच्या किंवा मनगटाच्या धमनीतून नळी घालून गाठीचं रक्त तोडायचं. टाके नाहीत, लवकर घरी. मी जवळजवळ हो म्हटलं होतं. 'बाळ हवंय' असं मी सांगितल्यावर डॉक्टरांचा सूरच बदलला. पिशवीचा आणि बीजकोशांचाही रक्तपुरवठा थोडा बाधित होऊ शकतो, म्हणून बाळ हवं असणाऱ्यांना ते सहसा पहिल्यांदा सुचवत नाहीत. इथेच २५४ बायकांवर हे आणि गाठी काढायचं ऑपरेशन या दोन्हींची तुलना झाली होती, २०२० मध्ये छापून आली. दोन वर्षांनी गाठी काढून घेतलेल्यांचं जगणं थोडं अधिक सुकर होतं. गर्भधारणा दोन्हीकडे इतक्या कमी झाल्या की त्यावरून काही ठरवता येईना. मी ऑपरेशन केलं. मूल अजून नाही. दीड वर्ष झालं. विचारलंत म्हणून लिहिलं.

सोलकढी

छोटीशी भर. म्हापशाला सोनोग्राफीत 'गाठ' सांगितली, एमआरआयमध्ये निघाला अ‍ॅडेनोमायोसिस. गाठ सोलून निघते, हा भिंतीत मुरलेला असतो, तसा सुटत नाही. आधी एमआरआय केला नसता तर पोट उघडल्यावर कळलं असतं.

गुळांबा

मी वर्षभर कांचनार गुग्गुळ आणि काढे घेतले. चार सेंटिमीटरची सात झाली. आयुर्वेदाशी भांडण नाही माझं, आजही सांधेदुखीला तेल वैद्यांचंच. पण मी ३५ची होते आणि ते वर्ष परत मिळालं नाही. काहीही घेत असाल तर दर तीन महिन्यांनी मोजून तरी घ्या.

उशिराचीगाडी (पुणे)

३९व्या वर्षी लग्न, ४०व्या वर्षी गाठ. माझ्यापुढे गाठीपेक्षा घड्याळ मोठं होतं. ऑपरेशन केलं की निदान तीन ते सहा महिने थांबायचं, आणि माझा एएमएच, म्हणजे बीजांचा उरलेला साठा सांगणारा आकडा, ०.९. म्हणून क्रम उलटा लावला: आधी बीजं काढून भ्रूण गोठवले, मग ऑपरेशन, मग भ्रूण सोडायचे. चार भ्रूण मिळाले, तीन वेळा सोडले. नाही झालं.

चौथ्या वेळेनंतर, म्हणजे जी आम्ही केलीच नाही त्या वेळेनंतर, लोक विचारायचे, "एवढं केलंत, आणखी एकदा?" तो एक भ्रूण अजून गोठवलेला आहे. दरवर्षी एप्रिलमध्ये त्याचं भाडं भरायचा मेसेज येतो. यंदाही भरलं. का भरलं ते मला सांगता येणार नाही. ऑपरेशनचा पश्चात्ताप नाही. पाळी आता पाळीसारखी येते, जिना चढताना दम लागत नाही. आंबेमोहर, तू ३३ची आहेस. तुझं आणि माझं गणित एक नाही, माझं वाचून घाबरू नकोस.

ज्वारीभाकर (बीड)

आमच्याकडे हा प्रश्नच वेगळ्या पद्धतीनं येतो. अंगावरून जास्त जायला लागलं की उत्तर ठरलेलं: पिशवी काढून टाका. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांचं २०१९ मध्ये सर्वेक्षण झालं, ८२,३०९ पैकी १३,८६१ जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. बऱ्याच जणी तिशीच्या आसपासच्या. पाळी आली की खाडा होतो, खाडा झाला की पैसे कापतात.

माझ्या मावसबहिणीला २८व्या वर्षी एका खासगी दवाखान्यात हेच सांगितलं होतं, "गाठ आहे, उद्या कॅन्सर होईल." तिला एकच मुलगी, दुसरं हवं होतं. फायब्रॉइडचा कॅन्सर फार क्वचित निघतो, हे मला आशाताईंकडून माहीत होतं म्हणून मी तिला संभाजीनगरला घाटीत, तिथल्या सरकारी दवाखान्यात, नेलं. रांग मोठी, दोन फेऱ्या फुकट गेल्या, पण तिथल्या डॉक्टरनं कागदावर पिशवी काढून गाठ कुठंय ते दाखवलं आणि नुसती गाठ काढली. तो कागद तिनं रेशनकार्डाच्या प्लास्टिकमध्ये ठेवलाय. दुसऱ्याचं अजून ठरत नाही, नवरा तोडीवर असतो. पण पिशवी तिची तिच्याकडे आहे.

आंबेमोहर

सगळ्यांचं दोनदोनदा वाचलं. उशिराचीगाडी, तुमचं तीनदा.

एमआरआय केला. अ‍ॅडेनोमायोसिस नाही, गाठच आहे, आणि गाठ व आतलं अस्तर यांच्यामध्ये ९ मिलिमीटर भिंत शाबूत आहे. तो रिपोर्ट दोन्ही डॉक्टरांना नेऊन दाखवला. पहिल्या डॉक्टर बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "अशी असेल तर थांबा. पण वर्षभर नाही." दुसऱ्यांनी सहा महिन्यांनी पुन्हा मोजायचं लिहून दिलंय. नवरा तपासणीचं नाव काढल्यावर दोन दिवस फुगून बसला होता. बाहेरचाबाक यांचा अनुभव वाचायला दिला, तिसऱ्या दिवशी आपणहून गेला. रिपोर्ट चांगला आहे.

आता नळ्यांची तपासणी, एचएसजी. ती पाळीच्या आठव्या दिवशी करायची आहे. पाळीची वाट बघणं हा प्रकार मी दीड वर्षात पहिल्यांदाच करतेय.